अक्काची भूक आणि माझी शपथ

दहावीच्या वर्गाला मी बावीस वर्षं विज्ञान शिकवतो आहे. मेंदूचा धडा आला की फळ्यावर चेतापेशी काढायची, तिच्या फांद्या, तिची लांब शेपटी, बाण मारून संदेश कुठून कुठं जातो ते दाखवायचं, आणि मग घड्याळाकडे बघत म्हणायचं, "बाकी या चेतापेशींना धरून ठेवणाऱ्या आधारपेशी असतात. भराव समजा. आलंच तर अर्ध्या मार्काला येतं." पोरं खूश व्हायची, एक पान कमी झालं म्हणून. सेलूच्या आमच्या शाळेतून आजवर किती पोरांच्या डोक्यात मी हा भराव घातला असेल, याचा विचार आला की माझा मलाच राग येतो. यंदा मी त्या अर्ध्या मार्कावर दोन तास घेतले. मुख्याध्यापकांनी विचारलं, "पोर्शन मागं पडलाय का, सर?" मी म्हटलं, "हो, बरीच वर्षं मागं पडलाय." त्यांना काही कळलं नाही आणि मीही खुलासा केला नाही.

खुलासा करायचा तर माझ्या थोरल्या बहिणीपासून सुरुवात करावी लागली असती.

आम्ही मूळचे पालमचे. वडिलांचं किराणा दुकान रस्त्यावर, मागच्या बाजूला घर. घरात शिवभक्ती अशी की सकाळी अंघोळ झाली की गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं, आणि त्याआधी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. चांदीच्या छोट्या डबीत, दोऱ्याला बांधलेलं ते लिंग दीक्षा झाल्यापासून माणसाच्या अंगावर असतं. माणूस गेला की त्याला मातीत बसवतात, तेव्हाही तेच लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. पूजा झाल्यावर ताटात येतो तो प्रसाद, आणि प्रसाद टाकायचा नसतो. वडील जेवण झालं की ताटात पाणी घालायचे, बोटांनी कडेकडेनं निपटायचे आणि ते पाणी पिऊन टाकायचे. आई तसंच करायची, अक्का तसंच करायची.

मी मात्र नाकं मुरडणारा. वरणात मोहरी दिसली की भाकरी तशीच सोडून उठायचा. घरातला एकुलता मुलगा, त्यामुळे मला कोणी रागावायचं नाही. आई माझं ताट उचलून अक्कापुढे सरकवायची. "संपव गं बाई, परसाद हाय." अक्का माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. तेव्हा ती काटकुळी होती, हे आज सांगितलं तर कोणाला पटणार नाही. ती निमूट माझं उरलेलं खायची, मग तव्यावरची शिल्लक भाकरी, पातेल्याच्या तळाशी राहिलेला भात, सणाच्या दुसऱ्या दिवशीच्या पुरणपोळ्या. आमच्या घरातलं अन्न कधी उकिरड्यावर गेलं नाही, त्याचा आईला फार अभिमान. ते सगळं अक्काच्या पोटात जात होतं, एवढं कोणी बोलून दाखवलं नाही.

पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून ती भरत गेली. मग तिला नावं ठेवायला पहिला मीच. "अक्का, दुकानातल्या गोण्या मोजताना तुला धरू नये म्हणजे मिळवलं," असलं काहीतरी मी बोलायचो आणि सगळे हसायचे. तीही हसायची. पाहुणे बघायला यायचे, पोहे खायचे, मुलीचं वळण छान आहे म्हणायचे आणि पुन्हा फिरकायचे नाहीत. चार-पाच वेळा असं झाल्यावर तिनं स्वतःच आईला सांगितलं, "आता कुणाला बोलवू नका." वडील गेले, तिनं दुकान सांभाळलं. माझं शिक्षण, माझी नोकरी, माझं लग्न त्याच गल्ल्यावर बसलेल्या बाईनं पार पाडलं. मग आईही गेली, आणि पालमच्या घरात अक्का एकटी राहिली.

आई गेल्यावर वर्षभरातच तिला साखर निघाली. परभणीच्या डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं, माझ्याकडे बघून म्हणाले, "वजन उतरवा, नाहीतर गोळ्या नुसत्या गिळत बसाल." झालं, मला काम मिळालं. विज्ञानाचा मास्तर ना मी! घरी येऊन तक्ता केला: सकाळी काय, दुपारी किती भाकरी, संध्याकाळी काय बंद. दुकानात तेलाच्या डब्यांच्या वर, तिला बसल्या जागेवरून दिसेल असा चिकटवला. रोज संध्याकाळी फोन. हजेरी घेतल्यासारखा मी विचारायचो आणि ती सांगायची.

पहिल्या दोन महिन्यांत वजन उतरलं. मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटलो. मग काटा थांबला, आणि मग हळूहळू वर चढायला लागला. माझ्या तक्त्यात चूक असणं शक्यच नव्हतं, म्हणजे अक्का खोटं बोलत होती. एका रविवारी मी न कळवता पालमला गेलो. ती मोरीत पाय धूत होती तोवर मी घर धुंडाळलं, हे लिहिताना लाज वाटते, पण धुंडाळलं. उशीच्या अभ्र्यात गुडदाणीचा पुडा सापडला.

मी तो तिच्यापुढे आपटला. ती घाबरली नाही, चिडली नाही. खाली बसून हळू आवाजात सांगायला लागली.

"माझं पोट भरलेलं असतंय रे. मला कळतंय की भरलंय. तरी आतून कुणीतरी म्हणायलंय, वाढ अजून, वाढ. लय बेजार करतंय बघ. गप बसवावं म्हणून खाते."

"हे सगळे मनाचे खेळ आहेत," मी म्हणालो. "तुझ्या मनावर तुझा ताबा नाही, एवढंच."

"असंल."

"असंल नाही. आत्ताच्या आत्ता लिंग हातावर घे आणि शपथ घे. दोन वेळच्या जेवणाशिवाय तोंडात काही घालणार नाही म्हण."

तिनं माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात कोणी कधी लिंग हातावर घेऊन शपथ घेतलेली नव्हती. वडील तर बाजारातही कोणाला शपथ घालू द्यायचे नाहीत. "हे नको करायला लावू," ती म्हणाली, "दुसरं काही सांग." मी ऐकलं नाही. मला वाटलं, बरोबर नस सापडली. तिनं गळ्यातली डबी काढली, उघडली, डाव्या तळहातावर लिंग घेतलं आणि मी सांगितले तेच शब्द माझ्या मागून म्हणाली. मला त्या वेळी विजय मिळवल्यासारखं वाटलं आणि मी मजेत सेलूला परत आलो.

पुढच्या महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, पारण्याला, मी बायकोला घेऊन पालमला गेलो. अक्कानं सगळं केलं होतं, बेल, फुलं, भस्म. पण आम्ही पूजेला बसलो तेव्हा ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मी आत गेलो तर तिच्या गळ्यात दोरा नव्हता. विचारलं तर तिनं कोनाड्याकडे बोट केलं. चांदीची डबी धुतलेल्या फडक्यात गुंडाळून तिथं ठेवली होती.

"तुला शब्द दिला अन् पंधरा दिवसांत मोडला," ती म्हणाली. "त्याला हातावर घेऊन मोडला. आता त्याला परत हातावर घ्यायला तोंड न्हाई मला."

"मग पूजा?"

"न्हाई."

"आणि जेवतेस तशीच?"

"जेवते की. आता जे खाते ते परसाद न्हाई रे. नुसतं खाणं हाय."

मी नको ते बोललो. म्हणालो, "शपथ पाळली असतीस तर ही वेळ आली नसती." माझ्या बायकोनं मला बाहेर ओढलं. अक्का पुऱ्या तळत राहिली. जेवणं झाल्यावर पाहिलं तर तिच्या ताटात भाताची शितं तशीच राहिली होती. पाणी घालून पिणं तिनं सोडलं होतं.

त्यानंतर दोन वर्षं आमचं बोलणं औषधांपुरतं राहिलं. वजन वाढतच गेलं. तळपायाला एक जखम झाली ती बरी होईना.

उन्हाळ्याच्या सुट्टीत विज्ञानशिक्षकांचं एक प्रशिक्षण परभणीला लागलं. असल्या प्रशिक्षणांत मी मागच्या रांगेत बसतो आणि वड्यांची वाट बघतो. त्या दिवशी एक निवृत्त प्राध्यापक मेंदूवर बोलायला उभे राहिले. आवाज बारीक, पंख्यांच्या घरघरीत निम्मं ऐकू येत नव्हतं. म्हणाले, आपण पोरांना आधारपेशी भराव म्हणून शिकवतो ते आता सोडा. मेंदूच्या अगदी तळाशी भूक सांभाळणारा एक छोटा भाग आहे. अंगातली चरबी रक्तातून निरोप पाठवते की पुरे झालं, साठा भरपूर आहे. तो निरोप रक्तातून उचलून आत पोचवण्याच्या कामात या आधारपेशींचाही हात असतो. साखर किती आली, किती लागते, याचीही त्यांना खबर असते. उंदरांना तुपकट खायला घालून पाहिलं, तर काही दिवसांतच, अंगावर मांस चढायच्या आधीच, त्या जागेतल्या आधारपेशी फुगतात, तिथं एक बारीक दाह सुरू होतो. मग निरोप नीट पोचत नाही. पोट भरलेलं असतं आणि मेंदू आपला म्हणत राहतो, वाढ अजून.

हे शेवटचं त्यांनी हसत, सहज सांगितलं. हॉलमध्ये लोकही हसले. माझ्या हातातला वडा तसाच राहिला.

पुढे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की माणसांत हे किती खरं, कारण कोणतं आणि परिणाम कोणता, याचा निकाल अजून लागलेला नाही. लठ्ठ माणसांच्या मेंदूच्या चित्रांत तशा खुणा दिसतात, एवढंच. आणि खाणं एकदम तोडलं तर शरीर घाबरून भूक आणखी वाढवतं, तेव्हा नुसता मनाचा निग्रह म्हणून लोकांच्या मागे लागू नका. मी वहीत काही लिहिलं नाही. अक्काच्या मेंदूत नेमकं काय झालं होतं ते मला माहीत नाही, आता कोणालाच कळणार नाही. पण तिनं त्या रविवारी खाली बसून जे सांगितलं होतं, ते जवळजवळ त्याच शब्दांत हा अनोळखी माणूस सांगत होता, आणि मी त्याला मनाचे खेळ म्हणालो होतो.

दुपारच्या सत्राला न बसता मी स्टँडवर गेलो आणि गंगाखेडमार्गे जाणारी एसटी धरली. रस्ताभर मनात एकच होतं: तिला सांगायचं की तुझा अपराध नव्हता, आणि तिनं ती डबी परत गळ्यात घालायची. बाकी वजन, साखर, जखम, ते जमेल तसं बघू. माझ्या डोक्यात ते इतकं सोपं झालं होतं की मी गंगाखेडला उतरून बेलाची पानंसुद्धा घेतली.

अक्का गल्ल्यामागं पाय स्टुलावर ठेवून बसली होती. मी फळ्यावर काढतो तसा शाईपेननं रद्दीच्या कागदावर मेंदू काढला, खाली टिंब दिलं, आधारपेशी काढल्या, बाण काढले. तिनं सगळं लक्ष देऊन ऐकलं. मधेच एक गिऱ्हाईक आलं, त्याला अर्धा किलो साखर बांधून दिली आणि परत कागदाकडे वळली.

"म्हंजी मी सांगत होते ते खरं होतं. आत कुणीतरी होतं."

"होतं."

"मंग त्या सुजलेल्या पेशीवर गोळी हाय का?"

"अजून नाही."

"मंग आता मला कशाला सांगायलास?"

"तुझा अपराध नव्हता, हे सांगायला."

तिनं कागद आपल्याकडे ओढून घेतला. मग विचारलं, "माझा नव्हता, तर मंग कुणाचा होता?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. ते एकाच शब्दाचं होतं आणि ती त्याच शब्दाची वाट बघत होती, हेही मला दिसत होतं. पण आयुष्यभर दुसऱ्याच्या चुका तपासलेल्या माणसाला स्वतःच्या चुकीवर लाल शाई मारता येत नाही. मी म्हणालो, "कुणाचाच नाही. पेशींचा."

अक्कानं कागदाची घडी घातली आणि गल्ल्यात ठेवली.

"पेशींनी शपथ घातली न्हवती," ती म्हणाली, आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाला तूरडाळ मोजायला लागली. बेलाची पानं पिशवीतच राहिली.

नंतर मी दर रविवारी जात राहिलो. जखम वर सरकत गेली, मग मूत्रपिंडाचं दुखणं निघालं. दिवाळीनंतर तिची भूक अचानक गेली. जन्मभर जी तिला छळत होती ती भूक एक दिवस निघून गेली. "कुठं गेली काय की," अक्का म्हणायची, "सांगून बी गेली न्हाई." मला हसू यायचं नाही. अशाच एका रविवारी मी वरण-भात केला, तिच्यापुढे ताट ठेवलं. दोन घास खाऊन तिनं ते सरकवलं.

मी ते ताट माझ्याकडे ओढलं. तिचं उरलेलं खाल्लं, वरणातल्या मोहरीसकट. मग ताटात पाणी घातलं, वडील निपटायचे तसं बोटांनी कडेकडेनं निपटलं आणि प्यायलो. उभ्या आयुष्यात मी हे पहिल्यांदा करत होतो. अक्का बघत होती.

"आता शिकलास व्हय?" ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती हसली.

तिच्या हसण्यानं मला धीर आला. "अक्का, चूक माझी होती," मी म्हणालो. "शपथ मी घातली. तू नको म्हणत होतीस."

"ठावं हाय मला."

मी उठलो, कोनाड्यातली डबी खाली काढली, फडकं सोडलं आणि तिच्यापुढे धरली. "मग घे हे परत."

तिनं हात पुढं केला नाही. "चूक तुझी असंल रे, पण हात माझा होता. ठेव वर." मी ठेवत नाही म्हटल्यावर ती अगदी शांतपणे म्हणाली, "एक ऐक. मला बसवताल तवा हात रिकामा ठेवा. खोटं बोललेल्या हातात त्याला नगं. एवढं माझं ऐक." मी म्हणालो, "असलं काही बोलू नको," आणि डबी परत कोनाड्यात ठेवली. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. आजारी माणसाशी आपण सगळे जसे वागतो तसाच वागलो.

संक्रांतीच्या आधी, भर दुपारी, ती गल्ल्यावर बसल्या बसल्या गेली. शेजारच्या कापडवाल्यानं फोन केला तेव्हा मी वर्गात होतो.

मातीला बरीच माणसं आली. खड्डा खणणाऱ्यांना कोणीतरी म्हणालं, "थोडा रुंद घ्या." म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसावं, पण मी त्याच्या अंगावर धावून गेलो आणि लोकांनी मला धरलं. सहा जणांनी मिळून तिला आत उतरवून बसवलं. भस्म लावलं, फुलं घातली. मग विधी करणाऱ्या स्वामींनी माझ्याकडे पाहून विचारलं, "लिंग?"

डबी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. घरातून निघताना मी ती का उचलली, सांगता येत नाही. सगळे थांबले होते. हात रिकामा ठेवायचा तर कारण सांगावं लागलं असतं: तिनं शपथ मोडली म्हणून, आणि ती शपथ मी घातली म्हणून. किंवा कदाचित असंही असेल की तिला तसं, रिकाम्या हातानं जाताना बघणं मला सहन होईना. कोणतं खरं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मी खाली उतरलो, तिचा डावा हात वळवला आणि तळहातावर लिंग ठेवलं. बोटं ताठली होती, मिटेनात. माती पडायला लागेपर्यंत मी ती माझ्या हातानं मिटून धरली.

त्या तळहातावर माझ्या हट्टानं दोनदा लिंग आलं. दोन्ही वेळा ती नको म्हणाली होती.